नेच्याभोवती देवाची दोरी

२६ नोव्हेंबर

आज मी एक शोध लावला. माझी बायको सुमिए म्हणते, आधी चिखलाचे बूट काढा आणि मग काय तो शोध लावा. शोध लावणाऱ्यांच्या घरी असंच चालत आलेलं आहे, म्हणून मी बूट काढले.

झालं असं की सासरेबुवांच्या थडग्यावरची पानं झाडायला मठाच्या बांधावर गेलो होतो. दव गोठून गवत पिवळंधमक झालेलं, झाडं बोडकी. आणि त्या सगळ्या मरगळीत, उन्हाच्या बाजूला, थडग्यांच्या मधल्या मोकळ्या पट्टीत हिरवागार नेचा! एक नाही, चांगला ताटवा. प्रत्येकाला पान एकच, पण तीन फाट्यांचं, जमिनीलगत पसरलेलं. कडा गाजराच्या पाल्यासारख्या कातरलेल्या, हाताला जाड लागतात. आणि बुडाजवळून एक वेगळीच काडी सरळ वर आलेली, वीतभर उंच, तिच्या शेंड्याला नाचणीच्या कणसासारखे बारीक पिवळे दाणे. मी टिचकी मारली तर पिवळी धूळ उडाली आणि मला शिंकांवर शिंका आल्या. शिंकताना सासरेबुवांच्या थडग्यावर डोकं आपटलं. त्यांचा आणि माझा आजवरचा सगळ्यात जवळचा संबंध तोच असावा.

अख्खं रान मरायला टेकलेलं असताना हा पठ्ठ्या ताजातवाना. मला तो एकदम आपला वाटला. मीही निवृत्त झाल्यावरच उगवलोय. चौतीस वर्षं शहरात बस कंपनीच्या हरवलेल्या वस्तूंच्या खात्यात लोकांच्या छत्र्या सांभाळल्या आणि या वसंतात सुमिएच्या गावी राहायला आलो. सुमिएला भाऊ नाही. लग्नात मीच तिच्या घरात गेलो, तिचं उराबे हे आडनाव घेतलं. घरजावई. शहरात त्याचं कुणाला काही नव्हतं, पण इथं लहानथोर सगळे मला 'जावईबापू' म्हणतात. माझं नाव सेइगो आहे. या गावात ते ठाऊक असलेली एकच व्यक्ती म्हणजे सुमिए, आणि ती मला 'अहो' म्हणते.

या नेच्यामुळे माझं नाव होणार. लोक मला माझ्या नावानं ओळखतील. एवढं एक झालं की मी सुखानं त्या बांधावर जाऊन पडायला मोकळा.

२७ नोव्हेंबर

शेजारच्या गेन्झोला ओढत नेऊन नेचा दाखवला. गेन्झो माझ्याच वयाचा, मानेला कायम टॉवेल, आणि गवत कापायच्या यंत्रावर त्याचं बायकोपेक्षा जास्त प्रेम. हे त्याची बायकोच सांगते. मठाचा सगळा बांध तोच कापतो, कुणी सांगो न सांगो. नेच्याकडे बघून म्हणाला, "हे होय? हे तर दरवर्षी येतं."

"दरवर्षी येतं आणि तुम्ही कुणी काही बोलला नाहीत?"

"त्याच्याशी काय बोलायचं, जावईबापू?"

त्याची आई, हात्सुआजी, नव्वदी उलटलेली, काठी टेकत मागून आली. तिनं विचारलं, "खायचं असतं का ते?" मी म्हटलं, नाही. "औषधी आहे?" मी म्हटलं, माहीत नाही. "मग एवढं ओरडायला काय झालं?" पालथ्या घड्यावर पाणी. पण गेन्झो जाताना कमरेत वाकून म्हणाला, "तुम्ही म्हणता म्हणजे असेल काहीतरी मोठं, जावईबापू." आदर आहे मनात.

१८ जानेवारी

मोठा दिवस! तालुक्याच्या हायकू मंडळाच्या कायानो बाई स्वतः आल्या. मी त्यांना नेच्याचं वर्णन कळवलं होतं. बाई पूर्वी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायच्या, आता थंडीवर हायकू लिहितात. हा हिवाळी नेचा त्यांच्या कवितेत थंडीची खूण म्हणून येतो म्हणे. बाई बर्फासारख्या गार जमिनीवर सरळ गुडघे टेकून बसल्या. उभ्या काड्या आता सुकून गेल्यात, पण पान तसंच हिरवं, फक्त कडेला जरा तांबूस झाक आलेली.

बाई म्हणाल्या, "किती सुंदर जपलाय हो! बांध इतका स्वच्छ कोण ठेवतं? त्यांचे आभार माना. आणि हे बघा, उपटून दुसरीकडे लावायचा मोह नको. तो जगत नाही. त्याला त्याची जागाच लागते."

मी म्हटलं, "बाई, इथं गेन्झो म्हणून एक आहे, यंत्र घेऊन सारखा घरघर घरघर करत हिंडतो. तुम्ही काळजी करू नका, त्याचा मी बंदोबस्त करतो."

बाई काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात सुमिएनं भाजलेली रताळी आणली आणि विषय तिकडे गेला. पुढच्या नोव्हेंबरच्या तीस तारखेला सगळं मंडळ सहलीला आणायचं ठरलं. बांधावर बसून हायकू करायचे. माझ्या बांधावर! घरी येऊन कोतात्सुच्या, म्हणजे खाली शेगडी नि वर रजई असलेल्या बैठ्या मेजाच्या, उबेत पाय घातले तरी अंगावरचा काटा जाईना.

५ एप्रिल

वाडीचा प्रमुख म्हणून माझी एकमतानं निवड झाली. विरोधात एक हात वर झाला नाही. खरं तर बाजूनंही झाला नाही, सगळे बिस्किटं खात होते. सुमिए म्हणाली, "अहो, निवड कसली? पाळी असते. मागच्या वर्षी गेन्झोदादांचं घर होतं, यंदा आपलं." बायकांना राजकारणातलं कळत नाही.

१० मे

अनर्थ! नेचा गेला. आठवडाभर पिवळा पिवळा पडत होता, आज पाहतो तर बांधावर नावालाही नाही. इतक्या थंडीतून तरला तो आणि मे महिन्याच्या गोड हवेत मेला? शक्यच नाही. चौतीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, वस्तू आपोआप नाहीशा होत नाहीत, कुणीतरी त्या नेतं किंवा विसरतं. नेच्याला विसरायला डोकं नसतं, तेव्हा कुणीतरी नेलाय. किंवा कापलाय.

काल गेन्झो यंत्र घेऊन बांधाकडे जाताना मी स्वतः पाहिला. चेहऱ्यावर समाधान होतं.

११ मे

उपाय सापडला. गेल्या डिसेंबरात नववर्षासाठी दाराला बांधायची पेंढ्याची दोरी वळायला शिकलो होतो. त्या वेळी सुमिए म्हणाली होती की ती दोरी नसून वळलेली मांजर वाटते. आज तशीच पण लांबलचक दोरी वळली, तिला पांढऱ्या कागदाच्या नागमोडी पट्ट्या लावल्या आणि नेच्याच्या सगळ्या पट्टीला वेढा घातला. देवळात देवाच्या जागेभोवती अशीच दोरी असते, ती दिसली की माणूस आपोआप थांबतो, टोपी काढतो. देवाच्या जागेत यंत्र घेऊन शिरायची गेन्झोची काय बिशाद!

मी कुणालाही 'इथं देव आहे' असं सांगितलेलं नाही. 'इथं देव नाही' असंही सांगितलेलं नाही.

१२ मे

मठाचे गुरुजी स्कूटरवरून आले. तरणे आहेत, पण तोंडावर कायम शिस्त. म्हणाले, "उराबे साहेब, मठाच्या आवारात देवळाची दोरी? वरच्या देवळाच्या पुजाऱ्यांचा मला फोन आला. विचारतात, आमचा देव तुमच्याकडे कधी राहायला आला?"

मी म्हटलं, "गुरुजी, तात्पुरती सोय आहे."

"देवाची?"

"नेच्याची."

गुरुजींनी त्या रिकाम्या जमिनीकडे वाकून पाहिलं. मग म्हणाले, "वाडीप्रमुखांनी ठरवलंय म्हटल्यावर आम्ही काय बोलणार." बघा! पदाला मान आहे.

८ जून

सामुदायिक गवतकापणी. भल्या पहाटे सगळी वाडी विळे, यंत्रं घेऊन मठाशी जमली. मी डोक्याला पट्टी बांधून जाहीर केलं की दोरीच्या आत यंदा कुणीही पाऊल टाकायचं नाही. गेन्झोनं यंत्र बंद केलं, सुरू केलं, परत बंद केलं. एवढ्या वर्षांत त्याला कुणी थांबवलं नसावं. मग वाकून म्हणाला, "आपली मर्जी, जावईबापू." पायवाटेच्या पलीकडे त्याच्या घराण्याची थडगी आहेत, तिकडे जाऊन त्यानं गवत असं काही भादरलं की जमिनीचं टक्कल दिसायला लागलं. राग गवतावर काढतात ही माणसं.

नंतर भाताचे मुटके आणि लोणचं खाताना कुणीही मला एका शब्दानं बोललं नाही. मला मधली गादी दिली. मधे मी आणि दोन्ही बाजूंना चांगली मोकळी जागा. प्रमुखाला अशी जागा ठेवायची पद्धत असावी.

२२ जून

दोरीपाशी कुणीतरी दोन पपनसं आणि साके या तांदळाच्या दारूची छोटी बाटली ठेवलीय. चौकशी केली तर हात्सुआजी. तिनं गुडघ्यासाठी नवस बोलला आणि गुडघा निम्मा राहिला म्हणे दुखायचा. आता बाकीच्या म्हाताऱ्याही येतात. पपनस चांगलं होतं.

सुमिए म्हणाली, "देवाचं खाल्लंत?"

मी म्हटलं, "प्रमुख या नात्यानं चाखून पाहिलं."

१९ जुलै

पावसानं गवत कमरेपर्यंत आलंय. सुमिएनं आज तिसऱ्यांदा विषय काढला, "अहो, बाबांचं थडगं दिसेनासं झालंय. गवत तरी कापू द्या." मी तिला समजावलं की एवढ्या दाट गवतात नेच्याला थंडावा मिळतो, चोराला रस्ता मिळत नाही. ती म्हणाली, "नेच्यालाही मिळत नसेल." तिला मी हळवी म्हणतो ते उगीच नाही.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवण्यासारखी. लोक माझ्याशी दिवसेंदिवस जास्त आदरानं बोलू लागलेत. पूर्वी गेन्झो नुसता "काय जावईबापू" म्हणायचा. आता "जावईबापूंनी कृपा करून जरा बाजूला व्हावं" म्हणतो. दुकानात मी गेलो की गप्पा थांबतात आणि सगळे उभे राहतात. तरी नावानं अजून कुणी हाक मारत नाही, हे खरं. नोव्हेंबर येऊ दे.

१३ ऑगस्ट

आज पितर घरी यायचा दिवस. घरोघर काकडीला काड्यांचे पाय लावून घोडे केले, पितर त्यावर बसून येतात. दिवे घेऊन सगळे मठाच्या बांधावर पितरांना आणायला गेले आणि तिथं थबकले. गवत माझ्या खांद्याला लागत होतं. आतून बेडकाचा आवाज आला. हात्सुआजीचं माहेरचं थडगं नेमकं दोरीच्या आत. ती दिवा धरून उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या बाबांचा घोडा काकडीचा आहे हो, जावईबापू. एवढं गवत बघून तो चरायलाच बसेल. बाबांना घरी यायला नवं वर्ष उजाडायचं."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकला आल्याचं नाटक केलं. मी म्हटलं, "आजी, पितरांना गवताचं काय?" आजी म्हणाली, "बरोबर आहे. तुमचे पितर इथं कुठायत."

रागानं नाही म्हणाली. नुसतं आपलं खरं ते म्हणाली. रात्री जेवताना मी ताटातलं वांगं नुसतं चिवडत बसलो. सुमिएनं माझ्या ताटात न विचारता आणखी एक वांगं वाढलं आणि कितीतरी वेळ माझ्याशेजारी बसून राहिली.

२३ सप्टेंबर

पितरांच्या थडग्यांवर जायची शरदातली फेरी आज, यंदा तिला कुणी बांधावर आलंच नाही. गवत आता माझ्याहून उंच. मी आत शिरलो आणि वाट चुकलो. बांधाची रुंदी आमच्या अंगणाएवढी. सुमिएनं बाहेरून ताटली वाजवली, तिच्या आवाजाच्या रोखानं बाहेर आलो. कपड्यांना सगळीकडे कुसळं. याबद्दल कुणाला बोलायचं नाही असं आमचं ठरलंय.

२० ऑक्टोबर

नेचा यायला हवा होता. नाही आला. गवत बाजूला सारून सारून पाहिलं, खाली काळोख आणि एक गोगलगाय.

आणि मग उठून उभा राहिलो तर काय दिसलं? पायवाटेच्या पलीकडे, गेन्झोच्या आजीच्या थडग्याभोवती, त्या टकलावर, नेचाच नेचा! तीन फाट्यांची कोवळी पानं, काड्यांवर हिरवे दाणे, उन्हात कसे ऐटीत उभे. माझ्या दोरीच्या आत शून्य आणि त्याच्या बाजूला झुंबड.

चोरी पकडली गेली. गेन्झोनं माझा नेचा उचलून आपल्या आजीकडे नेऊन लावलाय. नाहीतर नेमका तिकडेच कसा येईल? आणि हा माणूस मला वाकून नमस्कार करतो!

२१ ऑक्टोबर

गेन्झोला विचारलं. स्पष्टच विचारलं, फक्त आडवळणानं. म्हटलं, "यंदा आजीकडे बरीच हिरवळ दिसते."

"हो ना."

"आपोआप?"

"आपलीच कृपा, जावईबापू."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. फक्त याच्या बोंबा हळू आवाजात असतात.

१५ नोव्हेंबर

कायानो बाईंचा फोन. तीस तारखेला पंधरा जणी येणार. एकीनं खास या सहलीसाठी नवे गुडघे बसवून घेतलेत. बाई म्हणाल्या, "सगळ्यांना सांगितलंय, उराबे साहेबांचा बांध बघण्यासारखा आहे."

बांध बघण्यासारखा आहेच. दिसत मात्र त्यात काही नाही.

सुमिए म्हणते, खरं काय ते सांगून टाका. पण मग काय उरलं? दारोदार वाडीच्या सूचनांचे कागद नेऊन देणारा, साकेच्या बैठकीत मधल्या गादीवर बसणारा, उराब्यांचा जावई. उद्या मी मेलो तर दगडावर नाव उराब्यांचंच लागेल आणि त्याच्याकडे बोट दाखवून लोक म्हणतील, हा तो बाहेरून आलेला. रडू येत नव्हतं, पण नाक सारखं पुसावं लागत होतं.

२९ नोव्हेंबर

ठरलं. उद्या उजाडता उजाडता जायचं, गेन्झोच्या बाजूनं माझाच नेचा परत आणायचा आणि दोरीच्या आत पुढच्या रांगेत लावायचा. गवताचा पुढचा पट्टा मी आजच हातानं उपटून साफ केला. ही चोरी नव्हे. हरवलेली वस्तू मालकाला परत देणं, हे काम मी आयुष्यभर केलंय. बाई म्हणाल्या होत्या की उपटून लावला तर जगत नाही. मला त्यानं फक्त दुपारपर्यंत जगायला हवंय.

३० नोव्हेंबर

लिहितो. जसं घडलं तसं.

पहाटे खुरपं आणि टोपली घेऊन गेलो. गेन्झोच्या आजीच्या थडग्यासमोर गुडघ्यावर बसलो. आधी नमस्कार केला, मग खुरपं घातलं. पहिलाच नेचा मुळासकट वर आला आणि मागून आवाज आला, "जावईबापू, इतक्या सकाळी आपण इथं काय..."

गेन्झो. हातात फुलं. मागे हात्सुआजी, चहाची किटली घेऊन. आज तिच्या सासूची पुण्यतिथी, म्हणजे मी जिच्यासमोर खणत होतो तिचीच. हे मला कसं ठाऊक असणार?

गेन्झोनं माझ्याकडे पाहिलं, खुरप्याकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं. फुलं खाली पडली. आणि तो जो ओरडला, तो बहुतेक तालुक्याला ऐकू गेला असेल.

"अरे ए सेइगो! गाढवा! माझ्या आजीला कुठं घेऊन चाललास?"

मी दचकून उठलो, दवावरून पाय घसरला आणि पायवाट ओलांडून, दोरी तोडून, टोपलीसकट थेट गवतात गडगडत गेलो. कागदाच्या पट्ट्या गळ्यात, पेंढा तोंडात. वरून हात्सुआजीची किंकाळी, "अगं बाई, देव सुटला!"

"सेइगो! कुठं मेलास?"

"इथं!"

"इथं म्हणजे कुठं? काय दिसतंय का या तुझ्या जंगलात! जागचा हलू नकोस, मूर्खा, यंत्र आणतो. हललास तर पाय कापून देईन हातात!"

मी हललो नाही. यंत्राची घरघर जवळ जवळ येत गेली. आयुष्यात मला कुठल्या आवाजाचं इतकं बरं वाटलं नसेल. गवत आडवं झालं आणि गेन्झोचं लालबुंद तोंड दिसलं. तोवर अर्धी वाडी गोळा झालेली. आणि मग जे सुरू झालं ते काय सांगू! सहा महिने जी माणसं वाकून वाकून बोलत होती त्यांच्या तोंडाचे बांध फुटले. दुकानदार म्हणाला, "काय रे सेइगो, माझ्या बापाच्या थडग्यावर बेडूक पोसलेस होय?" गेन्झोची बायको म्हणाली, "उन्हाळाभर हा माणूस घरात यंत्र पुसत बसलाय तुझ्यापायी, मला वेड लागायची पाळी आली!" हात्सुआजीनं काठीनं माझ्या पोटरीवर हळूच एक ठेवून दिली आणि विचारलं, "देव होता का नव्हता, खरं सांग मेल्या."

"नव्हता, आजी."

"मग माझा गुडघा कशानं बरा झाला?"

मी तोंडातला पेंढा काढायला लागलो. गुरुजी स्कूटर लावून आले, तुटलेली दोरी पाहून हात जोडले आणि म्हणाले, "सुटलो." मग तेही विळा घेऊन कामाला लागले. गेन्झोनं एक विळा माझ्या अंगावर फेकला. "बघत काय बसलास? पाहुण्या येतायत तुझ्या!"

सगळ्यांनी मिळून बांध कापला. मी घामाघूम. सासरेबुवांचं थडगं दिसल्यावर सुमिएनं त्यावरची माती पदराएवढ्या मोठ्या रुमालानं पुसली. दोरीच्या आत शेवटपर्यंत शोधून एकच नेचा मिळाला, लांबट, फिक्कट, आजारी माणसाच्या बोटासारखा.

तेवढ्यात खालून कायानो बाई आणि मंडळ. बाईंनी पायवाटेच्या दोन्ही बाजू पाहिल्या आणि गेन्झोच्या बाजूला जाऊन बसल्या. म्हणाल्या, "उराबे साहेब, याला ऊन लागतं. उन्हाळ्यात हा जमिनीखाली झोपलेला असतो. वर कुणी गवत कापत राहिलं तरच थंडीत उठून बसतो. जिथं माणसं थडगी नीट राखतात तिथं हा येतो. मी तेव्हाच सांगणार होते, पण रताळी फार छान होती."

म्हणजे वर्षभर मी ज्याच्यापासून नेचा वाचवत होतो, त्याच्याच जिवावर नेचा जगत होता. मी गेन्झोकडे पाहिलं. गेन्झोनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "आता तोंड काय बघतोस, चहा गार होतोय."

मंडळानं भरपूर हायकू केले. त्यातले निम्मे नेच्यावर नसून गवतातून निघालेल्या एका माणसावर होते, असं मला नंतर कळलं. उपटलेला नेचा मी परत गेन्झोच्या आजीपाशी लावला आणि तिची माफी मागितली. बाई म्हणतात, आशा ठेवू नका.

तर अशी माझी अख्ख्या गावासमोर बेअब्रू झाली. गाढव, मूर्ख, मेल्या, सगळं ऐकून घेतलं. जेवताना सुमिएला म्हटलं, "एवढी वर्षं झाली, मला कधी कुणी असं बोललं नव्हतं."

"नाही ना," सुमिए म्हणाली. आधी हसत होती, मग एकदम डोळे पुसायला लागली. "आणि नावानं. सगळ्यांनी. अहो, नाव ठाऊक होतं त्यांना."

"म्हणजे आणखीच वाईट. ठाऊक असून बोलले!"

ती परत हसायला लागली. या बाईचं मला कधी कळलेलं नाही. झोप लागत नाहीये. अपमानामुळे, असं तिला सांगितलंय. खरं म्हणजे मला फार बरं वाटतंय, आणि हे असं का होतंय ते कळत नाही.

१ डिसेंबर

सकाळी जेमतेम चूळ भरतोय तर खालून हाक.

"ए सेइगो! मेलास का आत? राहिलेला कोपरा कोण कापणार, तुझा सासरा?"

मी खिडकी उघडली आणि म्हटलं, "काय रे गेन्झो, सकाळी सकाळी कशाला बोंबलतोस?"

बोललो आणि जीभ चावली. आल्यापासून मी या गावात कुणाला 'रे' म्हटलेलं नाही. गेन्झोनं मान वर केली. मग त्यानं गळ्यातला टॉवेल काढून माझ्याकडे झटकला आणि म्हणाला, "खाली ये. सांगतो तुला."

बाकीचं नंतर लिहीन. तो थांबलाय.